राहिलेले चार दिवस

तंबाखूच्या कापणीचे दिवस आले की गावातले लोक विळ्यांना धार लावून घेतात आणि मी निपाणीच्या बाजारातून लाल कार्बोलिक साबणाची एक वडी आणते. ती देवळीत ठेवते. गेल्या वर्षीची वडी तशीच कोरी पडलेली असली तरी नवी आणते. शाळेतल्या मुली विचारतात, बाई, हा साबण कशाला? मी सांगते, राग धुवायला. त्या हसतात. त्या साबणाने राग धुतला जात नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, पण मुलींना सगळंच सांगून भागत नाही.

पौष सरत आला की आमच्या गावाचा वासच बदलतो. उभ्या तंबाखूचा वास ओला, थोडा गोडसर असतो. शेंडे खुडून खुडून बोटांवर चिकट काळा थर बसतो आणि तो राखेने घासला तरी दोन-तीन दिवस जात नाही. भाकरी खाताना कडू लागतं. मग कापणी होते, झाडं रानातच आडवी पडतात, दंव खातात, ऊन खातात, रंग बदलतात. वाळलेला पाला झोडायला घेतला की खकाणा उडतो. सर्व्हिस मोटारीतून उतरलेला परका माणूस नाकाला धोतराचा सोगा लावून शिंकत सुटतो आणि आम्ही त्याच्याकडे बघून हसतो. आम्हाला त्याचं काहीच वाटत नाही. मला मात्र त्या वासात अजून एक वास येतो, मिरचीच्या पुडीचा. तो दुसऱ्या कुणाला येत नाही.

मी नऊ वर्षांची असताना आमच्या घराची वाटणी झाली. आमचे वडील आप्पा धाकटे, त्यांचे भाऊ अण्णा थोरले. बैल वाटले, भांडी वाटली, जातं अण्णांकडे गेलं, उखळ आमच्याकडे आलं. अंगणाच्या मधोमध कमरेइतकी भिंत उभी राहिली. एकच गोष्ट वाटायची राहिली, ती म्हणजे जंग्या नावाचा कुत्रा. तो भिंतीवरून उडी मारून दोन्हीकडे जायचा. त्याने कोल्हं पळवून लावलं की काकी, म्हणजे अण्णांची बायको, म्हणायची, आमचा जंग्या. त्याने कुणाचं कोंबडं धरलं की तीच म्हणायची, तुमचा जंग्या. आमची आईही काही कमी नव्हती. त्यातून तंबाखू रानात असताना राखणीचं कुत्रं अर्धपोटी ठेवायचं, म्हणजे ते जागं राहतं, असा आमच्याकडे सगळ्यांचाच समज. अलीकडच्यांना वाटायचं पलीकडे खाल्लं असेल, पलीकडच्यांना वाटायचं अलीकडे खाल्लं असेल. ज्याला दोन घरं होती तो कुत्रा त्या हंगामात दोन्ही घरचा उपाशी होता.

वाटणीला तीन वर्षं झाली होती; मी बारा वर्षांची होते आणि धाकटी बहीण चिंगी पाच. आईने मला सांगून ठेवलं होतं, पोरीवर नजर ठेव. मी घरामागच्या तुकड्यात शेंडे खुडत होते आणि मधूनमधून हाक मारत होते. भिंतीपलीकडून कुणीतरी भाकरीचा चतकोर टाकला. जंग्या तो खात होता. चिंगीला वाटलं, आपण त्याला हाताने भरवावं. तिने त्याच्या तोंडाखालचा चतकोर उचलला. भुकेलं कुत्रं खात असताना त्याच्याजवळ जायचं नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मला तरी कुणी शिकवलं होतं? आम्हाला चुलीची भीती दाखवली होती, विहिरीची दाखवली होती, भुताची तर रोजच दाखवायचे. घरच्या कुत्र्याची कुणी दाखवली नव्हती. त्याने तिची पोटरी धरली. दोन खोल भोकं आणि एक लांब ओरखडा.

सगळ्यांत आधी काकी धावत आली, हे मी नाकारत नाही. लुगड्याचा काचा मारून भिंत ओलांडून आली. पण येताना मुठीत मिरचीची पूड घेऊन आली. तिने ती जखमेत भरली आणि अंगठ्याने दाबली. चिंगीचा तो आवाज मी पुन्हा कुठे ऐकला नाही, ऐकायचाही नाही. आई चिंगीचे हात धरून बसली होती आणि रडत होती, पण काकीला अडवत नव्हती, कारण आईलाही तेच बरोबर वाटत होतं. मग काकी म्हणाली, आता सात विहिरी दाखवायच्या. पोराने पाण्यात बघायचं. आपलं तोंड दिसलं तर बरं, कुत्र्याचं दिसलं तर आशा सोडायची.

गावात विहिरी पाच. उरलेल्या दोहोंसाठी ओढ्यापलीकडच्या रानात जावं लागलं. आई चिंगीला काखेत घेऊन पुढे, काकी बाजूला, मी मागे. चिंगी डोळे गच्च मिटून घ्यायची आणि काकी तिला चिमटे काढून उघडायला लावायची. दुपार त्यातच गेली. प्रत्येक विहिरीत मीही डोकावले. मला माझंच तोंड दिसलं, दर खेपेला जरा जास्त रागावलेलं. सातव्या विहिरीत मी त्या तोंडाला सांगितलं की जंग्याला मी माझ्या हाताने मारणार.

परतताना वेशीपाशी ड्रेसरमामांनी आम्हाला आपल्या दारात थांबवलं. हे पलटणीतून पेन्शनीत आलेले गृहस्थ. लढाईत दवाखान्याच्या तंबूत जखमा बांधायचं काम करून आलेले. गावात त्यांचा मान होता, पण त्यांचं ऐकायचं मात्र कुणी नाही. त्यांनी चिंगीची पोटरी बघितली आणि कपाळाला हात लावला. घरातून लाल साबण आणला, आईला घागर ओतायला लावली आणि जखम धुवायला बसले. घड्याळ काढून पायरीवर ठेवलं. पाव तास. मिरची सगळी वाहून जाईपर्यंत, आणि त्यानंतरही. काकीने विचारलं, एवढं पाणी कशाला? त्यांनी आणखी एक घागर मागवली. धुवून झाल्यावर जखम शिवायची नाही, आवळून बांधायची नाही, तीत चुना, हळद, तंबाखू काहीही भरायचं नाही, असं त्यांनी बजावलं. सकाळच्या मोटारीने पोरीला बेळगावच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. तिथे पोटात सुया देतात, रोज एक, चौदा दिवस. एवढ्यात आप्पा कुऱ्हाड घेऊन जंग्याला शोधत तिकडूनच आले.

"कुऱ्हाड ठेव खाली," ड्रेसरमामा म्हणाले. "कुत्रं मारू नगंस. बांध, खायला घाल, पाणी पितंय का बघ. धा दिस नीट जगलं तर पोरगी सुटली. त्येला मारलंस, तर इचारनार कुनाला?"

आप्पांनी कुऱ्हाड ठेवली. मग जंग्याला कुठे बांधायचं यावरून भिंतीवर भांडण झालं. साखळी अण्णांकडे होती, म्हणून आप्पांनी त्यांच्या गोठ्यात बांधायला सांगितलं. काकी म्हणाली, कुत्रं तुमचं, आमच्यात ते खातसुद्धा नाही. शेवटी आमच्या अंगणातल्या खांबाला कासऱ्याने बांधलं. आप्पा आईला आणि चिंगीला बेळगावला शहापुरात आईच्या मावसबहिणीकडे सोडून दुसऱ्या दिवशी परत आले, कारण तंबाखू कापायला आला होता. कुत्र्याचं सगळं माझ्याकडे आलं.

शत्रूला जगवायचं म्हणजे काय, ते मी त्या दिवसांत शिकले. लांब काठीने भाकरी पुढे सरकवायची. फुटक्या मडक्यात पाणी ओतायचं आणि तो पितो की नाही हे टक लावून बघायचं, कारण पाणी टाकलं की पिसाळला असं समजायचं. तो प्यायला की माझा जीव भांड्यात पडायचा आणि लगेच त्या भांड्याचाच राग यायचा. रोज बेळगावला एक कार्ड. मराठी चौथीतलं माझं अक्षर: कुत्रा जिवंत आहे, पाणी पितो. आप्पा कार्ड टपालात टाकायचे. देवापुढे मी हात जोडून सांगायची, जंग्याला औक्ष दे. आणि अंगणात येऊन जंग्याला सांगायची, दहा दिवस जग, मग मी तुला मारते. तो शेपूट हलवायचा. त्या शेपटीचाही मला राग यायचा.

सहाव्या दिवशी दुपारी आप्पा रानात होते. अण्णा भिंत ओलांडून आले, हातात कुऱ्हाड, मागे काकी. दुसऱ्या दिवशी काकीच्या थोरल्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. भिंतीला लागून पिसाळलेलं कुत्रं बांधलंय असं त्यांनी ऐकलं तर काय म्हणतील, ही तिची काळजी. मी जंग्याच्या पुढे उभी राहिले. म्हटलं, चारच दिवस राहिलेत, चार दिवस थांबा. काकीने माझा दंड धरून मला बाजूला ओढलं.

"कुत्रं आमचं हाय," ती म्हणाली. "आमी काय वाट्टंल त्ये करू."

पाच दिवस आमचं असलेलं कुत्रं मारायच्या घडीला त्यांचं झालं. अण्णांनी दोन घाव घातले आणि पाय धरून त्याला ओढ्याकडे ओढत नेलं. मला त्याला मारायचं होतंच, तरी मी ओरडत होते. त्या दिवशीच्या कार्डावर मी लिहिलं, कुत्रा मारला. आईला अक्षरओळख नव्हती. शहापुरातल्या मावशीने ते कार्ड तिला वाचून दाखवलं, तेव्हा ती चिंगीला मांडीवर घेऊन बसली होती.

कुत्रं धड असतं तर दहा दिवसांनंतर सुया थांबल्या असत्या. डॉक्टर म्हणाले, आता कळायला मार्ग नाही, सगळ्या घ्या. चिंगीने चौदाच्या चौदा घेतल्या. शेवटी तिचं पोट दगडासारखं झालं होतं आणि पांढरा सदरा घातलेला माणूस दिसला की ती भिंतीला तोंड करून उभी राहायची. पण सुयांचं दुखणं सुयांबरोबर संपलं. न संपणारं दुखणं घरी आल्यावर सुरू झालं. जंग्या पिसाळला होता की नुसता भुकेला होता, हे सांगणारा एकटा जंग्याच होता आणि तो ओढ्यात पडला होता. आई चिंगीला उठता-बसता पाणी द्यायची आणि तिच्या गळ्याकडे बघत राहायची. एकदा चिंगीने रुसून ताकाचा पेला ढकलला. आईने तिला बडव बडव बडवलं, ते ताक प्यायला लावलं आणि मग स्वतः चुलीपुढे बसून रडली. हे वर्षभर चाललं.

त्या वर्षात भिंतीपलीकडून एकदाही कुणी विचारलं नाही की पोरगी कशी आहे. पाहुण्यांना मुलगी पसंत पडली, पलीकडे मांडव पडला, वाजंत्री वाजली. आमच्या बाजूला आई पाण्याचा तांब्या घेऊन चिंगीच्या मागे फिरत होती. आप्पांनी भिंत दोन हात वाढवली, मागच्या बाजूला तेवढी एक फट राहिली. लोक म्हणतात, कुत्र्यावरून एवढं वैर धरायचं का? कुत्र्यावरून नाही. एका प्रश्नावरून आहे. तो त्यांनी विचारला नाही.

मी क्षमाशील बाई नाही. पुढे लग्न होऊन गेले, दोन वर्षांत कपाळ मोकळं घेऊन परत आले, शिकले, लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तरीण झाले; पण हे वैर सासरी जाताना बरोबर नेलं आणि येताना बरोबर आणलं. वारा पलीकडे वाहत असेल त्याच दिवशी मी अंगणात तंबाखूचा पाला झोडायला घालते. काकीच्या दारचं पाणीही मी प्यायलेलं नाही. आणि दर हंगामाला गल्लीतली पोरं ओसरीवर बसवून मी त्यांच्याकडून घोकून घेते: कुत्रं खाताना, झोपलेलं असताना, पिलांजवळ असताना जायचं नाही, अंगावर आलं तर पळायचं नाही, हात छातीशी धरून खांबासारखं उभं राहायचं, डोळ्याला डोळा द्यायचा नाही, पडलात तर मुरकुटं करून मान झाकायची, चावलं तर लपवायचं नाही, आधी साबण, मग मोटार. ड्रेसरमामा आता नाहीत, ऐकवायचं काम मी करते. लोकांना वाटतं, बाईंना पोरांचा लळा आहे. असेलही. पण मला काकीच्या मुठीत एकही पोर पुन्हा सापडू द्यायचं नव्हतं. चांगलं काम रागानेही होतं.

काकीचा नातू सदा मात्र माझ्या ओसरीवर येत नसे. त्याला बंदी होती.

यंदाच्या कापणीत तो सापडला. त्यांच्या गोठ्यात कुत्री व्यालेली होती. सदाने पिलू उचललं आणि कुत्रीने त्याचा हात फोडला. मी शाळेतून येऊन पाय धूत होते. मागच्या फटीतून काकी आली, सोळा वर्षांत पहिल्यांदा. आता ती वाकली आहे, तरी सहा वर्षांचा पोर उचलून आणला होता. खोटं कशाला बोलू, मला आधी आनंद झाला. या दिवसाची मी वाट बघितली होती. मग माझी नजर तिच्या उजव्या मुठीकडे गेली. मूठ मिटलेली होती आणि बोटांच्या फटीतून लाल पूड गळत होती. सोळा वर्षांत ती काहीच शिकली नव्हती, किंवा शिकली होती म्हणूनच ती मूठ न उघडता माझ्याकडे आली होती.

मी तिचं मनगट धरलं आणि मूठ मोरीवर नेऊन उघडली. देवळीतला साबण काढला. तिला घागर ओतायला लावली आणि घड्याळ पायरीवर ठेवलं. सदा ओरडत होता. काकी घागर टेकवायला वाकली. तिने विचारलं, आजून? मी म्हटलं, आजून. पाव तासात मी तिला एकदाही घागर खाली ठेवू दिली नाही. त्यात थोडं औषध होतं आणि बाकीचा सूड होता, पण जखमेला त्यातला फरक कळत नाही. संध्याकाळच्या मोटारीने सदाचा बाप त्याला बेळगावला घेऊन गेला. डॉक्टरांना द्यायची चिठ्ठी मी लिहिली.

मग मी काकीला पायरीखाली उभं केलं आणि माझं म्हणणं सांगितलं.

"कुत्री तुमच्या दारात बांधायची. भाकरी-पानी तुमच्या हातनं. आनि रोज सकाळी हितं येऊन मला सांगायचं, जिती हाय का न्हाय."

 तिला सगळं समजलं होतं.

रोज सकाळी ती यायची. मी ओसरीवर तिच्याकडे पाठ करून केस विंचरत बसायची. ती म्हणायची, जिती हाय. मी विचारायची, पाणी पेली? ती म्हणायची, पेली. बस, एवढंच. मी तिला बसा म्हटलं नाही, चहा विचारला नाही. पिलं भोवती असताना चावऱ्या कुत्रीपुढे भाकरी सरकवताना या बाईची काय अवस्था होत असेल, याचा विचार करत मी सावकाश वेणी घालायची. मला त्या सकाळी फार आवडल्या.

सहाव्या सकाळी काकी आली नाही.

वेणी घालून झाली, शाळेची वेळ झाली, तरी नाही. तोच दिवस, सहावा. शाळेची पिशवी मी ओसरीवरच टाकली. मला सदाची एवढी काळजी आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. मी फटीतून पलीकडे गेले. गोठ्याच्या दारात अण्णा बसले होते, मांडीवर कुऱ्हाड. आत खांबाला कुत्री बांधलेली, आणि अण्णांच्या व तिच्या मध्ये काकी जमिनीवर बसलेली. पदराला भाकरीचे तुकडे, तोंड वाळलेलं.

"पहाटंपास्नं बसलोय," ती म्हणाली. "मी उठलो की ह्यो हिला मारतोय. म्हनून आलो न्हाय." मग तिने अण्णांकडे बोट केलं. "तवा मीच मार म्हनलं हुतं ह्येला. आता ऐकंना झालाय."

अण्णांच्या हातातली कुऱ्हाड मी काढून घेतली. म्हाताऱ्या हातात जोर नव्हता. ती कुऱ्हाड माझ्या घरी आहे आणि मी ती परत देणार नाही.

दहाव्या सकाळी काकी आली, जिती हाय म्हणाली, पाणी पेली म्हणाली. मी सकाळच्या मोटारीबरोबर बेळगावला चिठ्ठी धाडली आणि सदाच्या सुया थांबल्या. काकी वळून निघाली होती. मी पाठ न वळवता म्हटलं, उद्याबी या. ती थांबली. धा झालं की, म्हणाली.

"तुमचं झालं," मी म्हटलं. "आमच्या चिंगीचं चार दिस ऱ्हायलेत, काकी."

तिने पदर सारखा केला. मग गेली. मला वाटलं, आता येत नाही. दुसऱ्या दिवशी ती आली. सदा घरी आला होता, कुत्री मोकळी सोडली होती, पिलं अंगणभर हुंदडत होती. तरी काकी फटीतून वाकून आली, पायरीखाली उभी राहिली आणि म्हणाली, जिती हाय. त्याच्या दुसऱ्या दिवशीही आली. तिसऱ्या दिवशीही. त्या तीन सकाळी वेणी घालताना माझे पेड चुकत होते.

चौथ्या दिवशी तिने नेहमीचं सांगितलं. मी पाणी पेली का विचारलं, तिने पेली म्हणून सांगितलं. पण ती हलली नाही. चिंगी आता नंदगडला सासरी आहे, पहिलटकरीण आहे, आई तिच्याकडे गेली आहे. हे गावात सगळ्यांना माहीत आहे, काकीलाही असणार.

"आनि चिंगी?" तिने विचारलं.

मी वळून तिच्याकडे बघितलं. सोळा वर्षं मी या प्रश्नाला द्यायची उत्तरं जमवत होते. एकापेक्षा एक लागणारी होती.

"जिती हाय," मी म्हटलं.

काकीने मान हलवली आणि ती फटीतून निघून गेली. हे विचारायला तिला सोळा वर्षं लागली आणि मी उत्तर एका दमात देऊन बसले, याचा मला अजून राग आहे.